पाणी उतरलेला पाना

मी, खाली सही करणारा, वय वर्षे तेवीस, शिक्षण अभियांत्रिकीच्या चार वर्षांपैकी अडीच, कामधंदा गॅरेजमधला पण सध्या घरी बसून, ओळखीच्या लोकांत ‘पेट्रोल’ या नावाने प्रसिद्ध, असे लिहून ठेवतो की माझे डोके आज ठिकाणावर आहे. ते कधीच ठिकाणावर नव्हते असे ज्यांना वाटते त्यांनी हा कागद दोनदा वाचावा. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. डॉक्टरांनी चहासुद्धा अर्ध्या कपावर आणला आहे, तेव्हा नशेचा प्रश्नच येत नाही. लिहिताना राग आला की पेन खाली ठेवले, म्हणून एका बैठकीत व्हायचा कागद चार दिवस चालला आहे.

येत्या शुक्रवारी सकाळी माझ्या छातीतला एक व्हॉल्व्ह बदलणार आहेत. लहानपणच्या कुठल्याशा तापाने तो तेव्हाच खराब झाला होता म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “शंभरातले पंच्याण्णव उठून चालत घरी जातात.” वर्गात मी कायम उरलेल्या पाचांतच बसत आलो आहे, म्हणून ही तजवीज.

कागदाचा नमुना वरच्या मजल्यावरच्या काकांनी दिला. ते कोर्टात एकतीस वर्षे कारकून होते. “कलमं थोडी ठेव, आणि मृत्युपत्रात भांडू नकोस,” असे बजावून दिला. पहिली गोष्ट पाळतो आहे.

कलम १. घर आईचे आहे आणि आईचेच राहील. माझे त्यात काही नाही, मागची खोली तेवढी मी पाच वर्षे अडवली. ती मोकळी करून घ्यावी. फरशीवरचे ग्रीसचे डाग सोड्याने जाणार नाहीत, रॉकेलने जातील. माझ्या बँकेच्या पुस्तकात जे काही असेल ते आईचे. आई, रडायचे असेल तर त्या खोलीत दार लावून रड. दादासमोर रडू नकोस, तो लगेच उपाय सुचवायला लागतो. आणि मी येईपर्यंत जेवायचे थांबण्याची तुझी सवय आता सोड. हे मी तुला जिवंतपणी दहादा सांगितले, ओरडूनही सांगितले. ओरडलो ते चुकले.

कलम २. मोटारसायकल दादाची. मागचा ब्रेक लागत नाही, पुढचा लागतो पण उशिरा. दुरुस्त केल्याशिवाय वहिनीला मागे बसवू नये. चार माणसांत जेवताना दादा माझ्या हत्यारांना ‘भंगार’ म्हणाला होता आणि मी ताट भिरकावले होते. भिंतीवरचा डाग अजून आहे. ताट भिरकावल्याबद्दल मी माफी मागतो. भंगार म्हटल्याबद्दलची तुझी राहिली आहे, दादा. सवडीने माग, मी ऐकायला नसलो तरी माग.

कलम ३. भिंतीवरचा, माझ्या मोजणीतला सात नंबरचा पाना कॉलेजच्या वर्कशॉपच्या सरांना द्यावा, सोबत माप घ्यायची पट्टी द्यावी. सर भर वर्गात म्हणाले होते, “पान्यावरचा आकडा म्हणजे पान्याचं तोंड. एवढं कळलं तरी पुष्कळ.” मी उठून म्हणालो, “जुन्या पान्यांवर आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, सर. तोंड त्याहून मोठं असतं.”

“तू मला शिकवणार?”

“कोणीतरी शिकवायलाच हवं होतं.”

त्यानंतर जे झाले ते झाले. मी वह्या टेबलावर आपटल्या आणि जो बाहेर पडलो तो परत गेलो नाही. सरांनी हा पाना स्वतः मोजून पाहावा. त्या दिवशी मी बरोबर होतो, हे मी मरतानाही मागे घेणार नाही. मात्र हेही लिहितो की पुढच्याच महिन्यात हेच सर पोलादाला पाणी कसे देतात आणि ते कशाने उतरते हा धडा घेणार होते. त्या धड्याला मी नव्हतो. नव्हतो त्याचे काय झाले ते कलम ६ मध्ये येईल.

कलम ४. मागच्या खोलीच्या तीन भिंतींवर मिळून एकशे बारा हत्यारे टांगलेली आहेत. सगळी मोटारींची, सगळी हाताने चालवायची, बहुतेक माझ्या आजोबांच्या वयाची. लाकडी मुठीचे स्क्रू पाने आहेत, त्यांतल्या एकाची मूठ कोणाच्यातरी अंगठ्याने इतकी झिजली आहे की तिथे खळगा पडला आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही, तो माणूस डावखुरा असणार. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचा करंगळीएवढा पाना आहे. पितळी ग्रीसगन आहे. टायर काढायच्या तीन पट्ट्या आहेत, ज्यांच्यावर बंद पडलेल्या कारखान्याचे नाव अजून वाचता येते. एक्केचाळीस नंबरचे हत्यार कशाचे आहे हे अजून कोणाला सांगता आलेले नाही. एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक, मधे घडीचा सांधा. अंदाजपंचे उत्तरे देणारे खूप भेटले.

प्रत्येक हत्याराला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली आहे. तिच्यावर ते कोणाच्या हातून आले एवढेच लिहिले आहे. ‘ट्रकवाल्याच्या बायकोने दिले. नवरा हे उशाशी घेऊन झोपायचा.’ ‘भंगाराच्या ढिगातून. ढीगवाला मला वेडा म्हणाला. बरोबर आहे त्याचे.’ पहिल्या साठ चिठ्ठ्या एका मुलीच्या अक्षरात आहेत, कारण माझे अक्षर मलाच वाचता येत नाही. पुढच्या बावन्न माझ्या अक्षरात आहेत.

सात नंबरचा पाना आणि कलम ५ मधली सळई सोडून ही सगळी हत्यारे मी त्या मुलीला देतो. ती कोण, असे दादा विचारील म्हणून लिहितो. कॉलेज सोडल्यावर ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी लागलो त्यांची ती मुलगी. पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायचे दोन खड्डे, आणि पुढे नटबोल्टचे काउंटर, असे ते गॅरेज होते. काउंटर ती सांभाळायची. पहिल्या दिवशी मी ऐटीत विचारले, “अर्ध्या इंचाचा बोल्ट आहे?”

तिने मान वर केली नाही. “इथे इंच चालत नाही. सुतात बोला.”

“चार सुती.” इंचाचे आठ सूत, एवढे मला येत होते.

“लांबी?”

मी दोन बोटांत अंतर धरून दाखवले.

“लांबी ठाऊक नसताना बोल्ट मागायचा आणि पत्ता ठाऊक नसताना गाडी करायची, दोन्हीत माणूस भलतीकडेच पोचतो. जा, मोजून या.”

मी मोजून आलो. आमचे सूत जुळले ते असे सुतावरूनच. मला दीड मिनिट लागले, तिला दीड वर्ष.

कलम ५. इंजिन ऐकायची सळई डॉक्टरीणबाईंना द्यावी. एका टोकाला कानाला लावायची पितळी वाटी आहे, दुसरे टोक चालू इंजिनावर टेकवायचे. आत काय खटखटते ते स्वच्छ ऐकू येते. मिस्त्री या सळईने सांगायचे, “तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळतोय,” आणि तिसऱ्याचाच निघायचा. एकदा गंमत म्हणून मी ती आरशासमोर स्वतःच्या छातीला लावायचा प्रयत्न केला. वाकडेतिकडे होऊन कशीबशी लागली. ठोक्यामागे फस्स असा आवाज येत होता. गळका व्हॉल्व्ह मला ऐकू आला होता, डॉक्टरीणबाई, तुमच्या आधी चार महिने. मी सळई पुसून परत टांगली आणि कोणाला काही सांगितले नाही. न सांगण्याची सवय मला तोवर लागलेली होती.

कलम ६. एकशे तेरावे हत्यार भिंतीवर नाही. ते खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेले आहे. त्याला चिठ्ठी नाही. तो मिस्त्रींचा पाना आहे.

हा पाना मिस्त्रींना त्यांच्या वस्तादांनी दिला होता आणि अडतीस वर्षे त्यांनी दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू दिला नव्हता. त्याच्या दांड्याला जरासा बाक होता आणि वर कोरलेल्या अक्षरांत गंज बसला होता. मला मिस्त्रींकडे त्यांची मुलगी मागायची होती. रिकाम्या हाताने कसे जाणार? मी म्हणालो, “मिस्त्री, एक दिवस द्या. नवा करून आणतो.” त्यांनी दिला. माझ्याआधी कोणालाच दिला नव्हता, मला दिला.

रविवारी दुपारी गच्चीवर मी त्याला ब्लोलॅम्प लावला. गंज जळावा आणि बाक सरळ व्हावा म्हणून लाल होईपर्यंत तापवला, हळूच ठोकून सरळ केला, आणि तडकू नये म्हणून राखेत पुरून सावकाश थंड केला. इतकी काळजी मी आयुष्यात कशाची घेतली नव्हती. लोहाराचे शेंबडे पोरही सांगेल की पोलाद लाल करून राखेत निजवले की त्याचे पाणी उतरते. दिसायला तोच पाना, वजनाला तोच, पण जोर लागला की वाकणारा. मला ते ठाऊक नव्हते. मी त्याला तेल लावले, घासून चकाकवला आणि सोमवारी दिला.

मिस्त्री तो उलटासुलटा करत राहिले. “अरे, हा तर नवरदेव झाला!” म्हणाले. काउंटरवर ती हसली. गुरुवारी तिला मागायचे असे मी मनात ठरवले.

मंगळवारी मिस्त्री खड्ड्यात उभे राहून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा बोल्ट सोडवत होते, हात डोक्याच्या वर. मी दिवा धरला होता. बोल्ट हट्टी होता. त्यांनी सगळा भार टाकला आणि पान्याचे तोंड केसभर फाकलेले मला दिसले. पाना सुटला, हात पाट्याच्या धारेवर गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या.

ते खड्ड्यात मनगट धरून बसले होते आणि म्हणत होते, “पाना नाही रे सुटला. वस्तादांचा पाना कसा सुटेल? माझीच पकड सुटली. वय झालं.”

मी हातभर अंतरावर होतो. दोन शब्द बोलायचे होते. ज्या पेट्रोलला पेटायला एरवी निमित्तही लागत नाही, ते त्या दिवशी पेटले नाही.

टाके निघाले, पण बोटे वाकली नाहीत. गिऱ्हाइके ऐकू जाईल अशा बेताने बोलायची, “म्हाताऱ्याचा हात गेला.” मिस्त्री ते ऐकून मान डोलवायचे, जणू त्यांनाही पटले होते. ज्या माणसाने कान लावून तिसऱ्याचा व्हॉल्व्ह ओळखला तो स्वतःच्याच हातावर संशय घेऊ लागला. डाव्या हाताने कप उचलतानाही आधी हाताकडे बघायचा. तीन महिन्यांत त्यांनी शटर ओढले. शेवटच्या दिवशी मला बोलावले आणि हा पाना माझ्या हातात ठेवला. “तुला जुनी हत्यारं आवडतात. घे. माझ्या हातात आता शोभत नाही.”

मी घेतला. मी तो घेतला, हे लिहायला मला एक पूर्ण दिवस लागला.

मग तिला विचारले. ती म्हणाली, “बाबांचा हात बरा होईपर्यंत लग्नाचं नाव काढू नकोस.”

“तो बरा होणार नाही.”

“तुला कसं माहीत?”

तेव्हा सांगायचे होते. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, तिला पाठ असेल. त्याला आठ महिने झाले. ती आता टायरच्या दुकानात काउंटरवर बसते. समोरच्या फुटपाथवरून मी रोज जातो, ती मान वर करत नाही.

तरी माझ्या माघारी हा पाना मिस्त्रींना नेऊन द्यावा आणि पुढचा मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा: मिस्त्री, तुमची पकड सुटली नव्हती. पाना मी लाल केला होता, त्याचे पाणी मी उतरवले होते. तुमचे वस्ताद चांगले होते, त्यांचा पाना चांगला होता, तुमचा हात चांगला होता. खोट माझी होती आणि ती मी तुमच्या नावावर चालू दिली.

कलम ७. वर न लिहिलेले जे काही राहील ते आईचे.

पुरवणी, बुधवार. इथपर्यंत लिहून मी कागद काकांना तपासायला दिला. काकांनी चष्मा पुसून सहावे कलम पुन्हा वाचले. “हे मिस्त्रींना कधी कळायचं?”

“माझ्या माघारी.”

“मग ते भांडणार कोणाशी?”

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, त्यांनी तो सोडला नाही.

“एकतीस वर्षं पाहिलंय मी, बाळ. जिवंत माणसासमोर जे बोलवत नाही ते लोक इथे लिहून जातात. मागे राहिलेला माणूस मग फोटोशी भांडत बसतो. आणि समजा तू पंच्याण्णवांत निघालास, तर काय करशील? हा कागद घडी घालून ठेवशील आणि आणखी चाळीस वर्षं गप्प बसशील.”

मला राग आला. मी कागद हिसकावून घेतला, खणातला पाना घेतला आणि तडक मिस्त्रींच्या घरी गेलो. जिन्यावर दोनदा थांबावे लागले. मिस्त्री बोटांच्या व्यायामाला गेले होते. दार तिने उघडले. मी कागद पुढे केला. तिने उंबऱ्यातच उभे राहून वाचला. सहावे कलम आले तेव्हा भिंतीला टेकली.

शेवटपर्यंत वाचून म्हणाली, “तुला कसं माहीत, असं मी विचारलं होतं.”

“सांगितलं असतं तर तू माझं तोंड पाहिलं नसतंस.”

“आत्ता तरी कुठे पाहतेय?”

खरेच पाहत नव्हती. कागदाकडे बघत होती.

“बाबा रोज कप उचलण्याआधी हाताकडे बघतात,” ती म्हणाली. “पडेल म्हणून. चांगल्या हाताकडेसुद्धा. आणि तू हे मेल्यावर वाचायला ठेवलंयस. म्हणजे तू सुटणार, आणि वाचून दाखवणार मी.” मग तिने विचारले, “शुक्रवारी किती वाजता?”

“आठला. उद्या भरती व्हायचंय.”

ती आत गेली, चपला घालून आली आणि माझ्यापुढे चालायला लागली. काकांच्या टेबलावर कागद ठेवून म्हणाली, “सहावं खोड. बाबांना हे कागदाने कळायचं नाही.”

मी खोडले. खोडलेले वाचता येते, पण पुन्हा उतरवून काढायला आता वेळ नाही.

काका म्हणाले, “सहीला दोन साक्षीदार लागतात. एक मी. दादा चालणार नाही, त्याला मोटारसायकल मिळतेय. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करायची नसते.”

“मी करते,” ती म्हणाली.

“अगं, तू सही केलीस तर चौथं कलम गेलं. एकशे बारातलं एकही तुला मिळणार नाही.”

“म्हणूनच करते.”

मी उसळलो. “माझं काहीच नको का तुला? चिठ्ठ्या तुझ्या आहेत त्यातल्या! साठ!”

“ओरडू नकोस,” ती म्हणाली. “छातीला सोसायचं नाही.”

एवढेच म्हणाली. त्यात काय होते ते मी घरी येतायेता शोधले नाही, कारण घरी आलोच नाही, इथेच टेबलाशी बसून हे लिहितो आहे. काकांच्या सांगण्यावरून नोंदवतो की कलम ४ मधली हत्यारे आता कलम ७ प्रमाणे आईकडे जातील. आई, ती विकू नकोस. दादाचे ऐकू नकोस. पाना क्रमांक एकशे तेरा हा या मृत्युपत्रातून मी काढून घेत आहे, कारण तो द्यायला मी स्वतः निघालो आहे. मिस्त्री काय म्हणतील ते मला माहीत नाही. डाव्या हाताने मारतील तर मारू देत. त्यांच्यासमोर मला गप्प बसता येऊ नये, एवढेच मागणे आहे, आणि ते कोणत्या कलमात घालायचे ते काकांनाही सांगता आलेले नाही.

वरील सर्व मजकूर माझा आहे, अक्षर वाचता येत नसले तरी माझेच आहे, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: वरच्या मजल्यावर, काकांचे जेवणाचे टेबल.
वेळ: बुधवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे.

सही: पेट्रोल

साक्षीदार पहिला: कोर्टातला निवृत्त कारकून, वरचा मजला. मजकूर ऐकला व वाचला. करून देणारा भांडला, पण शुद्धीवर आहे. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार दुसरी: मिस्त्रींची मुलगी. मजकूर वाचला. माफ केलेले नाही. सही त्याने माझ्यासमोर केली, एवढ्यालाच माझी साक्ष. बाबा सहाला घरी येतात. तो आत्ता चपला घालतो आहे.